लोणंदचा कांदा आणि नायजरचा कांदा

मागें एका सहामाही परीक्षेंत आम्हीं भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेंत पश्चिम आफ्रिकेंतील कोणत्याहि एका देशाची माहिती विचारली होती. बऱ्याच विद्यार्थ्यांनीं नायजर हा देश घेतला, आणि बहुतेकांचीं उत्तरें एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं होतीं: देश वाळवंटी, लोक अडाणी व आळशी, सरकार अस्थिर, व्यापार कांहीं नाहीं. एका मुलानें मात्र उत्तराच्या खालीं आम्हांसच प्रश्न घातला होता, "मास्तर, तेथें कांदा पिकतो काय?" मुलगा कांदा पिकविणाऱ्या घरचा होता. त्या दिवशीं आम्हांस त्याचें समाधान करितां आलें नाहीं. पुढें शोध केला तेव्हां कळलें कीं, पिकतो. इतकेंच नव्हे, तर त्या कांद्याची कहाणी आपल्या लोणंदच्या कांद्यासारखीच आहे. हा लेख म्हणजे त्या मुलास उशिरानें दिलेलें उत्तर होय.

प्रथम देशाचें स्थान पाहूं. नायजरला समुद्रकिनारा नाहीं. उत्तरेस अल्जीरिया व लीबिया, पूर्वेस चाड, दक्षिणेस नायजेरिया व बेनिन, पश्चिमेस बुर्किना फासो व माली, असे सात शेजारी त्यास वेढून आहेत. नायजर व नायजेरिया हे दोन निराळे देश. एकाच नदीवरून दोघांस नांव मिळालें, म्हणून विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. क्षेत्रफळ सुमारें १२,६७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपट. परंतु वस्ती अडीच कोटींहून अधिक. उत्तरेचा बहुतेक भाग सहारा वाळवंटानें व्यापिला आहे, म्हणून माणसांची दाटी दक्षिणेच्या अरुंद पट्ट्यांत झालेली आहे.

नायजर नदीची चाल सातारा जिल्ह्यांतील मुलांस समजावयास कठीण नाहीं. आपली कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र अगदीं जवळ असतां ती त्याकडे पाठ फिरवून पूर्व समुद्राची लांब वाट धरते. नायजर नदीहि गिनी देशाच्या डोंगरांत, अटलांटिक महासागरापासून सुमारें २४० किलोमीटरवर जन्मते, आणि समुद्राकडे न जातां ईशान्येस वाळवंटाच्या कडेपर्यंत जाते. मग वळण घेऊन आग्नेयेकडे उतरते व सुमारें ४,१८० किलोमीटर चालून नायजेरियांत समुद्रास मिळते. राजधानी नियामे हिच्याच कांठीं आहे. पण नायजर देशाच्या केवळ नैर्ऋत्य कोपऱ्यांतून ती जाते. नीरेच्या कालव्यानें खंडाळा व फलटण तालुक्यांतील कांहीं रानांस जें सुख दिलें, तें तेथील बहुतेक शेतकऱ्यांच्या वांट्यास आलेलें नाहीं. त्यांचा भार पावसावर, आणि तो पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच.

अशा रानांत पिकणार काय? बाजरी, ज्वारी आणि चवळी! वाचकांस नवल वाटेल, परंतु आपल्या ताटांतील बाजरी मूळची त्या प्रदेशाचीच आहे. सहाराच्या दक्षिण कडेस कोरडवाहू भूमींत सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं माणसानें रानटी बाजरी लागवडीस आणली, आणि पुढें ती प्रवास करीत आपल्या देशीं पोंचली. ज्वारी व चवळी यांचें माहेरहि आफ्रिकाच. ज्या लोकांस आमच्या विद्यार्थ्यांनीं आळशी ठरविलें, त्यांच्या पूर्वजांनीं सांभाळलेल्या बियाण्याची भाकरी खाऊनच ते परीक्षेस आले होते.

लोकांत हौसा निम्म्याहून अधिक; त्यांशिवाय झर्मा व सोंघाई, उंटांचे तांडे नेणारे तुआरेग, गुरें राखणारे फुलानी, आणि पूर्वेकडील कानुरी. बहुतेक लोक मुसलमान आहेत. अनेक वर्षें फ्रेंच ही राजभाषा होती. २०२५ सालीं हौसा भाषेस राष्ट्रभाषेचा मान देण्यांत आला. भूमींत युरेनियम आहे. आर्लित येथील खाणी १९७१ पासून चालूं झाल्या व तें खनिज फ्रान्समधील वीज उत्पन्न करणाऱ्या कारखान्यांस पुरविलें जाऊं लागलें. परंतु नायजरमधील बहुसंख्य घरांत मात्र अजून वीज पोंचलेली नाहीं. देश दरिद्री आहे हें खरें. पण तो भिकारी जमिनीवर बसलेला आहे असें मात्र नव्हे.

आतां कांद्याकडे वळूं. ताहुआ प्रांतांत हमरस्त्यालगत गाल्मी नांवाचें गांव आहे. त्याच्या नांवानें ओळखला जाणारा जांभळा कांदा सबंध पश्चिम आफ्रिकेंत प्रसिद्ध आहे. हौसा भाषेंत कांद्यास अल्बासा म्हणतात. पावसाळा सरला कीं विहिरींच्या व बंधाऱ्यांच्या पाण्यावर रोपें लावावयाचीं, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं कांदा काढावयाचा. म्हणजे हा आपला गरवाच झाला. कांदा गोण्यांत भरून मालमोटारी घाना, आयव्हरी कोस्ट येथील बाजारांस जातात. याच गाल्मी गांवीं १९५० पासून एक मिशन दवाखाना चालत आला आहे. आपल्याकडील रोगी लोणंद स्टेशनावर गाडींत बसून जसे डॉक्टर वान्लेस यांनीं उभारिलेल्या मिरजेच्या दवाखान्याची वाट धरीत, तसेच तेथील रोगी दूरदूरहून गाल्मीस येतात.

लोणंदच्या बाजार समितींत लिलावाच्या दिवशीं ज्यांनीं उभें राहून पाहिलें असेल, त्यांस अधिक सांगावयास नको. गोण्यांच्या थप्प्या लागतात, व्यापारी कांदा हातांत घेऊन दाबून पाहतात, अडत्या बोली पुकारतो, आणि शेतकरी एका बाजूस उभा राहून आपल्या सहा महिन्यांच्या कष्टांची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. हमाली, तोलाई व गाडीभाडें वजा जातां हातीं काय उरलें, हें त्याच्या मुलांस घरीं आल्यावर आईच्या चेहऱ्यावरून कळतें. गाल्मीच्या मुलांसहि तें असेंच कळत असेल.

मग दोघांचें दैव कोणाच्या हातीं आहे? येथें राज्यकारभाराचा विषय येतो. नायजर ३ ऑगस्ट १९६० रोजीं फ्रेंचांच्या सत्तेंतून मोकळा झाला. त्यानंतर १९७४, १९९६, १९९९, २०१० व २०२३ अशा पांच वेळां तेथें लष्करानें सरकार उलथून टाकिलें. आपल्या घरांतील वडील मंडळींस १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. त्याच वर्षांत सहाराच्या कडेसहि भयंकर दुष्काळ होता. आपल्याकडे त्या संकटांतून रोजगार हमी योजनेचा मार्ग निघाला. तेथें मदतीच्या धान्याची अफरातफर झाल्याचा आरोप होऊन १९७४ सालीं सेनेनें राज्य घेतलें. दुष्काळ सारखाच, परंतु दोन ठिकाणीं त्याचीं फळें भिन्न झालीं.

२६ जुलै २०२३ रोजीं लष्करानें निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद बाझूम यांस अटकेंत ठेविलें व जनरल चियानी सत्तेवर आले. शेजारच्या राष्ट्रांच्या इकोवास नामक संघानें ३० जुलै रोजीं निर्बंध घातले. सरहद्दी बंद झाल्या. हेतु चांगला होता. मतदारांनीं निवडलेलें सरकार परत यावें हाच. पण झालें काय? बेनिनच्या सरहद्दीवर मालमोटारींच्या रांगा खोळंबल्या, नाशवंत माल कुजूं लागला. आणि इकडे घानाच्या बाजारांत कांद्याचा भाव चढला. शिक्षा जनरलास करावयाची होती. ती पोंचली गाल्मीच्या शेतकऱ्यास व आक्रा येथील गरीब गृहिणीस. सुमारें सात महिन्यांनीं, २४ फेब्रुवारी २०२४ रोजीं, बहुतेक निर्बंध उठले. जनरल आपल्या जागींच राहिले, आणि मार्च २०२५ मध्यें त्यांनीं पांच वर्षांसाठीं अध्यक्षपदाची शपथ घेतली. कांदा मात्र गेला तो गेलाच.

विलक्षण योग असा कीं, त्याच ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेस आपल्या सरकारनें परदेशीं जाणाऱ्या कांद्यावर शेंकडा ४० कर बसविला, आणि ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यात अजीबात बंद केली. शहरांत भाव वाढूं नयेत हा हेतु. तोहि आम्ही वाईट म्हणत नाहीं. मुंबईच्या चाळींतील मजूरहि भाकरीबरोबर कांदाच खातो, आणि त्याचीं मुलेंहि आपलींच आहेत. परंतु बंदी आली तेव्हां रोपें लागलीं होतीं, खत पडलें होतें, कर्ज काढून झालें होतें. दार बंद झाल्याची बातमी माल घरांत भरल्यावर कळावी, हा कोणता न्याय?

आमचें मत स्पष्ट आहे. व्यापाराचें दार उघडावें कीं लावावें हा सरकारचा अधिकार आहे. परंतु लावावयाचें असल्यास तें रोप लावण्यापूर्वीं जाहीर झालें पाहिजे. शहरच्या गरिबांस स्वस्त कांदा द्यावयाचा असेल, तर त्याचा खर्च सर्वांच्या तिजोरींतून व्हावा. एकट्या कुणब्याच्या गोणींतून होऊं नये. आणि एका राष्ट्रास दुसऱ्या राष्ट्राच्या सत्ताधीशांस शासन करावयाचें झालें, तर त्यानें प्रथम विचार करावा कीं, ही काठी उचलली असतां ती कोणाच्या पाठीवर बसणार आहे.

तरी दोन देशांत एक मोठा भेद आहे, व तो विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. लोकसभेच्या निवडणुकीचें मतदान चालूं असतांच, ४ मे २०२४ रोजीं, आपल्याकडील निर्यातबंदी उठली. कर राहिला होता तोहि १ एप्रिल २०२५ पासून गेला. येथील शेतकरी रस्त्यावर येऊन बोलूं शकला, लिलाव बंद पाडूं शकला, आणि मत देऊं शकला. गाल्मीच्या शेतकऱ्याची मतपेटी मात्र उचलून नेलेली आहे. मताची किंमत काय, असें निष्काळजीपणें विचारणाऱ्या थोरामोठ्यांनीं याचा विचार करावा.

पालकांस आमची एक विनंती आहे. कांदा काढणीच्या दिवसांत मुलांस शाळेंतून रानांत नेऊं नका. जो मुलगा बाजाराचा भाव वाचूं शकेल, सरकारचा हुकूम समजूं शकेल, चार शेतकऱ्यांस जमवून चांगली कांदाचाळ बांधूं शकेल, तोच पुढें या व्यवहारांत टिकेल. आठ दिवसांच्या मजुरीसाठीं त्याचें तें बळ काढून घेणें फार महाग पडतें.

आणि विद्यार्थ्यांनो, शेजारी म्हणजे कोण, असें एकदां एका शास्त्र्यानें आपल्या प्रभूस विचारिलें होतें. त्यास उत्तर म्हणून जो मनुष्य दाखविण्यांत आला, तो त्याच्या जातीचा नव्हता, गांवचाहि नव्हता. भूगोलाचा अभ्यास याच प्रश्नासाठीं आहे असें आम्हांस वाटतें. पुन्हां कधीं परीक्षेंत नायजरविषयीं लिहावयाचें झालें, तर वाळवंट लिहा, दारिद्र्यहि लिहा, कारण तें खरें आहे. पण त्याबरोबर तेथील बाजरी लिहा, गाल्मीचा जांभळा कांदा लिहा, आणि त्या सरहद्दीवर मालमोटारीजवळ खोळंबून बसलेला माणूसहि लिहा. तो आळशी नव्हता. तो तुमच्या वडिलांसारखाच भावाची वाट पाहत होता.