रेडिओ दुरुस्त करणारा मुलगा विद्यापीठाचा प्रमुख होतो



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एक वाक्य हमखास कानावर येते. "जास्त शिकवून काय करणार? हाताला काहीतरी काम लावा." सांगणारा कधी शेजारी असतो, कधी नातेवाईक, तर कधी खुद्द मास्तर! हाताचे काम हलके नव्हे. फिटर-वायरमनच्या पगारावर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटली आहे. प्रश्न एवढाच आहे की, मुलाने काय व्हायचे हे कोणी ठरवले आणि कशावरून ठरवले?

अमेरिकेतल्या जॉन ब्रुक्स स्लॉटर या कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीतही ते दुसऱ्यांनीच ठरवले होते. त्याचा जन्म १९३४ चा, गाव कॅन्सास राज्यातले टोपेका. वडील जुने फर्निचर विकून संसार चालवीत. पोराला मात्र यंत्रांचे वेड. मासिकात वाचून वस्तू बनवायच्या, लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडायचे आणि दुरुस्त करून चार पैसे मिळवायचे. मला इंजिनिअर व्हायचे आहे, असे तो म्हणे. हायस्कुलात त्याला धंदेशिक्षणाच्या वर्गात घातले गेले. काळ्या मुलाला तेवढे पुरे, असाच तेव्हाचा हिशेब! त्यामुळे कॉलेजात पाऊल टाकताना इंजिनिअरिंगला लागणारे गणितच कच्चे राहिलेले.

हे टोपेका गाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिथे काळ्या मुलांच्या प्राथमिक शाळा वेगळ्या होत्या. रेल्वेत वेल्डर असलेले ऑलिव्हर ब्राऊन यांनी आपल्या मुलीला घराजवळच्या गोऱ्या शाळेत घ्या म्हणून दाद मागितली. अशा अनेक पालकांचा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. एका वेल्डरचे नाव अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकात कायमचे कोरले गेले! स्लॉटर त्या वेळी कॉलेजात होता. आधी गावातल्याच वॉशबर्न विद्यापीठात दोन वर्षे काढून, मग कॅन्सास स्टेट विद्यापीठातून १९५६ मध्ये तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

पुढचा भाग नोकरी करून शिकणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा. सान दिएगोत आधी विमानांच्या कारखान्यात, मग १९६० पासून नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत त्याची नोकरी. बायको आहे, दोन मुले आहेत, घरभाडे आहे आणि शिक्षणही चालू आहे. मास्टर्सची पदवी १९६१ मध्ये मिळाली, पीएच.डी. मिळायला १९७१ उजाडले. वय सदतीस! सकाळचे कॉलेज करून ऑफिस गाठणाऱ्यांची परंपरा मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाने १९४६ पासून घालून दिली आहे. त्या घरांना या दहा वर्षांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

साधारणपणे तिकडे प्राध्यापक, विभागप्रमुख, डीन, प्रोव्होस्ट अशा पायऱ्या चढून विद्यापीठाचे प्रमुखपद मिळते. स्लॉटर यांची वाट वाकडी. प्रयोगशाळेत माणसे आणि पैसा सांभाळण्याचे काम ते शिकले. १९७५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झाले, दोन वर्षांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये गेले, मग वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात प्रोव्होस्ट झाले. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना त्याच फाउंडेशनच्या सर्वोच्च पदावर बसवले. देशभरच्या वैज्ञानिक संशोधनाला सरकारी पैसा वाटणारी ही संस्था. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

१९८२ मध्ये ते मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क येथे चान्सलर झाले. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. तिथला चान्सलर म्हणजे आपला कुलगुरू, रोजचा गाडा हाकणारा. याच कॉलेज पार्कमध्ये पदवीसाठी पहिला काळा विद्यार्थी घेतला गेला तो १९५१ साली. एकतीस वर्षांत विद्यार्थ्याच्या बाकापासून प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत!

खुर्ची मात्र फुलांची नव्हती. जून १९८६ मध्ये विद्यापीठाचा लाडका बास्केटबॉलपटू लेन बायस कोकेनने दगावला. व्यावसायिक संघात निवड होऊन दोनच दिवस झाले होते. चौकशी सुरू झाली, तशी खेळाडूंच्या अभ्यासाची दैना उघड झाली. मैदानावर टाळ्या आणि वर्गात नापास! स्लॉटर यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली. त्यांनी समित्या नेमल्या, नावाजलेल्या प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा कसोटीचा काळ हाच. जिंकणाऱ्या संघाच्या आड येणे कोणत्याही प्रमुखाला परवडत नाही, आणि काळ्या प्रमुखाला तर त्याहून नाही.

१९८८ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि अकरा वर्षे राहिले. तिथे त्यांनी सर्व वर्णांच्या मुलांसाठी दार रुंद केले. २००० ते २००९ या काळात त्यांनी अल्पसंख्य समाजांतल्या मुलामुलींना इंजिनिअर होण्यासाठी शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची धुरा वाहिली. गणिताअभावी अडलेल्या पोरांची अडचण त्यांना वेगळी सांगावी लागत नसणार!

पंचाहत्तरी गाठल्यावर माणूस आरामखुर्ची शोधतो. हे गृहस्थ सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पुन्हा प्राध्यापक म्हणून रुजू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ते गेले. त्याआधी, २०२० मध्ये, मेरीलँड विद्यापीठाच्या अध्यक्षपदी पुन्हा एक कृष्णवर्णीय इंजिनिअर आला होता. डॅरिल पाइन्स त्यांचे नाव, विषय विमानविद्या.