दिवसाची सोय म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत ज्येष्ठांचं 'डे केअर' म्हटलं की लगेच कुजबुज सुरू होते, "अरेरे, टाकलं का त्यांना?" आज त्याबद्दलच थोडं स्पष्ट लिहितो.

वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो. डे केअरमध्ये सकाळी जातो आणि संध्याकाळी आपल्याच घरी, आपल्याच पलंगावर झोपायला येतो. मधल्या वेळात जेवण, वेळेवर गोळ्या, थोडा व्यायाम, पत्ते, गप्पा आणि लक्ष ठेवणारं कोणीतरी. लहान मुलांचं पाळणाघर आपण केव्हाच स्वीकारलं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना तर २०१७ च्या दुरुस्तीने ते बंधनकारकच झालं. मग म्हाताऱ्यांच्या बाबतीतच लाज कसली?

माझ्या घरचंच सांगतो. सौ.ला तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. मुलगा-सून पुण्याला नोकरीत. मी सत्त्याहत्तरचा. तिला एकटं सोडता येत नाही, म्हणून माझं दाढ काढणं दोन महिने लांबलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं तरी शेजारच्या वहिनींना घरी बसवावं लागतं. सांभाळणाराच आधी आडवा झाला तर आजारी माणसाला कोण बघणार? मग दोघांनाही वृद्धाश्रमच. म्हणजे जे टाळायचं तेच पदरात.

आणखी एक. या आजारात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. ही साताऱ्याहून लग्न होऊन इथे आली, पन्नास वर्षं बाजारात झकास हिंदी बोलली. आता पाणीसुद्धा मराठीतच मागते. कामाची बाई स्वभावाने फार चांगली, पण 'तहान' म्हणजे 'प्यास' हे तिला मलाच सांगावं लागलं. तेव्हा मराठी बोलणारी माणसं असलेलं केंद्र ही अस्मितेची नाही, गरजेची बाब आहे.

आपल्या मंडळांचे हॉल गणपती, नवरात्र आणि व्याख्यानं सोडली तर दिवसभर कुलुपात असतात. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते चार, पंधरा जणांपुरती सुरुवात करू या. फुकट मात्र नको. फी घ्यावी, त्यातून एक नर्स, दोन मदतनीस आणि ने-आण करणारी गाडी यांचा खर्च निघावा. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी देणगीदार शोधू.

हिशेब मी लिहीन, जन्मभर तेच केलंय. हॉल कोण देतं, एवढं मंडळांनी सांगावं.