मेंदूच्या वेशीवरचा पहारा

आमच्याकडे हल्ली घरोघरी ‘अँटिऑक्सिडंट’ची बाटली दिसते. स्मरणशक्ती टिकेल या आशेने म्हातारी माणसे पेन्शनचे पैसे त्यावर घालतात. माझा साधा प्रश्न आहे: बाटलीतले द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचते का?

१८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकी अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदू रंग धरतच नसावा, असे त्यांना वाटले. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग थेट मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला आणि मेंदू निळा झाला! म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये वेस होती. १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती दाखवली: केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू लागतो २० टक्के. त्या ज्वलनाच्या ठिणग्या, म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, पेशींना आणि त्या वेशीलाही पोळतात, हे खरे. म्हणून कोणतीही बाटली ती आग विझवते, असे होत नाही.

‘निदान अपाय तरी नाही ना?’ असे म्हणणाऱ्यांनी फिनलंडची चाचणी आठवावी. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष तीत होते. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला होता.

गोल्डमन यांनी गुरूचे म्हणणेही तपासून पाहिले. आपण दुकानदाराचे का तपासू नये?