कोपनहेगनला जाताय? पोहायचे कपडे घ्या

शनिवार-रविवारसाठी कोपनहेगनला गेलेले बहुतेकजण आधी लिटल मर्मेडकडे धावतात. १९१३ सालचा हा पुतळा जेमतेम सव्वा मीटर उंच. फोटो काढायचा आणि 'एवढीशीच?' म्हणत परतायचं. माझं ऐकाल तर तो वेळ इस्लँड्स ब्रिगेला द्या. उन्हाळ्यात तिथे भर शहरात, बंदराच्या पाण्यात लोक मजेत पोहत असतात. याच पाण्यात एकेकाळी सांडपाणी आणि कारखान्यांची घाण सुटायची. पालिकेने गटारांची व्यवस्था सुधारली, पावसाचं जादा पाणी साठवायला टाक्या बांधल्या आणि २००२ साली तिथे पोहायची जागा खुली झाली. स्ट्रॉयेट हा मुख्य बाजाररस्ता १९६२ साली गाड्यांना बंद केला, तेव्हाही दुकानदार धंदा बुडणार म्हणून ओरडले होते. आज तिथे पाय ठेवायला जागा नसते.

शहराचा देखणेपणा असा ठरवून, वाद घालून, पैसे खर्चून येतो. आपण मांडवीच्या काठावर हौसेने फोटो काढतो. पण पणजीच्या धक्क्यावरून त्या पाण्यात उडी मारायला किती गोंयकार तयार होतील? येताना फ्रीजवर लावायचं चुंबक जरूर आणा. सोबत हा प्रश्नही आणा.