पडलेल्या रॉकेटचीही गोष्ट सांगू या

शनिवारी दुपारी आमच्या गल्लीतली दहा-बारा मुलं माझ्या ओसरीवर गोष्टी ऐकायला जमतात. परवा अवकाशयानांचा विषय निघाला. सहावीतल्या एका मुलानं धडाधड म्हणून दाखवलं – अवकाशात पहिला माणूस गागारिन, १९६१. चंद्रावर पहिला आर्मस्ट्राँग, १९६९. पहिला भारतीय राकेश शर्मा, १९८४. मी विचारलं, "आणि कुणाचं रॉकेट पडलं का रे कधी?" सगळी गप्प. कोपऱ्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "पडलेलं पाठ नाही करायचं, काकू."

माझ्या मनात चर्र झालं. ही पोर स्कॉलरशिपच्या परीक्षेत मागं पडली आणि पंधरा दिवस घराबाहेर आली नव्हती.

मग गोष्ट बदलली. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून आपलं एसएलव्ही-३ रॉकेट उडालं. एक झडप बिघडली आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर जबाबदारी घेतली ती इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० रोजी त्याच रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी मात्र धवन यांनी पत्रकारांशी बोलायला कलामांना पुढं केलं. कलाम हा प्रसंग पुढं कितीतरी वेळा सांगत.

आता सांगा, आपल्या घरात काय होतं? मार्क मिळाले की "माझा मुलगा", आणि कमी पडले की "तुझा मुलगा"!

काहीजणी म्हणतील, मुलांना अपयशाच्या गोष्टी कशाला? मन खचेल त्यांचं. मला उलटं वाटतं. फक्त विजयाच्या तारखा ऐकलेल्या मुलाला वाटतं, मोठी माणसं कधी चुकतच नाहीत, चुकतो तो मीच. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर चंद्रावर आदळलं, तेव्हा आपण सगळ्यांनी डोळे पुसले. पण शास्त्रज्ञ रडून थांबले नाहीत. कुठं चुकलं ते शोधलं. पुढच्या लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायला जागाही मोठी धरली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरलं. मुलांना नुसतं "पुन्हा प्रयत्न कर" म्हणून भागत नाही. आधी काय चुकलं ते शांतपणे बघायला शिकवावं लागतं.

"आपल्याला कुठं सायन्स कळतं?" असं म्हणून हा विषय बाबांवर ढकलू नका हं. मीही बी.ए.च आहे. रॉकेटचं गणित मला येत नाही, पण पडून उठलेल्यांची गोष्ट सांगायला गणित लागत नाही. पोळ्या लाटता लाटताही सांगता येते.

त्या मुलीनं जाताना विचारलं, "काकू, ती झडप कशी बिघडली?" म्हटलं, "पुढच्या शनिवारी पेपर घेऊन ये. आधी तुझी झडप कुठं अडकली ते बघू, मग रॉकेटची." ती हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.