फराहबाग : महाल आहे, पाणी कुठाय?

नगरला पाहुणे आले की आपण त्यांना चांदबिबी महालावर नेतो (तो महाल नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे मात्र सांगत नाही). मग रणगाडा म्युझियम. तिथून जवळच्या फराहबागेत नेलंच, तर वाक्य ठरलेलं - "शहाजहानला ताजमहालाची कल्पना इथे सुचली म्हणे!"

मंडळी, हे वाक्य आता पुरे. त्याला भक्कम पुरावा नाही आणि फराहबागेला आग्र्याच्या शिफारसपत्राची गरजही नाही. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये पूर्ण झालेली ही अष्टकोनी इमारत एका मोठ्या तलावाच्या मधोमध उभी आहे. ती बांधलीच पाण्यासाठी. पाण्यावरून गार झालेला वारा कमानींतून आत यावा, मधल्या घुमटाखाली ऐन वैशाखात जरा बरं वाटावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आज वर्षातले बहुतेक महिने आपण त्या तलावाच्या कोरड्या तळाकडे बघत आत जातो आणि भिंतींचे फोटो काढून परत येतो.

दक्षिण कोरियात जिन्जू शहरात नाम नदीच्या काठावर चोकसोंग्नू नावाची चारी बाजूंनी मोकळी लाकडी माडी आहे. १९५० साली कोरियन युद्धात ती जळाली, १९६० मध्ये पुन्हा बांधली. लोक चपला काढून वर जातात, फळ्यांवर निवांत बसतात, खालची नदी बघतात. तिथे लाकूड नवं, पण बसून पाणी बघायची जागा तीच. आपल्याकडे दगड जुने, पण ज्यासाठी ते रचले तेच नाही. मग खरी जपणूक कोणाची झाली? माझ्या मते त्यांची.

यावर नेहमीचं उत्तर येतं : दुष्काळी जिल्हा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अहो, निजामशाहीत काय इथे कोकणासारखा पाऊस पडायचा? म्हणून तर त्यांनी कापूरवाडीसारख्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं. प्यायचं पाणी महालाला द्या असं कुणीच म्हणत नाहीये. तलावातला गाळ काढा, बांध नीट करा आणि पडेल तो पाऊस तिथे थांबू द्या. भाद्रपदात दोन महिने भरला तरी चालेल.

सुट्टीत घरी येणाऱ्या समस्त मावस-मामे भावंडांनो, पुढच्या वेळी फराहबागेत गेलात तर ताजमहालाचं सोडा. तिथे कुणी जबाबदार माणूस भेटला तर एवढंच विचारा, तलाव कधी भरणार?

पटलं नसेल तर खाली भांडायला मोकळे आहात :)