बंदीचा हुकूम आणि चलनाची मालकी

कूटचलनाविषयी रिझर्व्ह बँकेने सावधगिरीचा पहिला जाहीर इशारा डिसेंबर २०१३ मध्ये दिला. त्याला आता एका तपाचा काळ लोटला. या अवधीत केंद्र सरकारने एकदा बँकांचे दरवाजे बंद करवले, एकदा तुरुंगवासाची तरतूद असलेल्या विधेयकाचा मसुदा तयार करवून घेतला, दोनदा संसदेच्या कामकाजपत्रिकेत विधेयकाचे नाव छापले आणि अखेरीस या व्यवहारावर कर बसवून सरकार मोकळे झाले. बंदी घालणे शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नच गुंडाळून ठेवण्याची ही तऱ्हा आहे. सट्टेबाजांना ती सोयीची आहे आणि अर्थखात्यालाही सोयीची आहे. गैरसोय झाली ती फक्त ज्याचे पैसे बुडाले त्याची.

६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक हा या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग आहे. रिझर्व्ह बँकेने आपल्या नियंत्रणाखालील बँकांना कूटचलनाच्या व्यापाऱ्यांशी असलेले संबंध तीन महिन्यांत तोडण्यास फर्मावले. कूटचलन बाळगणे वा विकणे हा त्यामुळे गुन्हा झाला नाही; बंद झाली ती केवळ बँकेची खिडकी. काही एक्स्चेंजांनी गाशा गुंडाळला. जी उरली त्यांनी युक्ती शोधली: विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून द्यायची, रुपये मात्र एकाच्या खात्यातून परस्पर दुसऱ्याच्या खात्यात जायचे. बँकेच्या वहीत ती नोंद गावाकडे आईला पाठवलेल्या रकमेहून निराळी दिसण्याचे कारण नव्हते. परिणाम असा झाला की, जो व्यापार निदान काही नोंदलेल्या कंपन्यांच्या दप्तरांत दिसत होता तो हजारो खाजगी देवघेवींत विखुरला. नियंत्रकाने आपल्याच हाताने आपला दिवा मालवला.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्दबातल ठरवले. या निकालाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. रिझर्व्ह बँकेला असा हुकूम काढण्याचा अधिकारच नाही, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. अधिकार न्यायालयाने मान्यच केला. आक्षेप होता तो प्रमाणाबद्दल. ज्या बँकांच्या रक्षणासाठी हा उपाय योजला त्यांचे या व्यवहारामुळे काही नुकसान झाल्याचे रिझर्व्ह बँकेला दाखवता आले नाही, आणि ज्या वस्तूवर खुद्द शासनाने कायद्याने बंदी घातलेली नाही तिचा व्यापार मात्र गळा दाबून मारावयाचा, हे न्यायालयाला पटले नाही. बंदी घालावयाची तर ती संसदेने, उघडपणे, कारणे देऊन घालावी, असाच या निकालाचा रोख होता. संसदेपुढे तो प्रश्न आजवर एकदाही रीतसर मांडला गेलेला नाही.

बंदीच्या अंमलबजावणीविषयी दोन्ही बाजूंनी अर्धसत्ये सांगितली जातात. बिटकॉइनची वही कोणा एका कचेरीत ठेवलेली नसून जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत. एक प्रत जप्त केली तरी बाकीच्या चालूच राहतात. मालकाचा हक्क एका गुप्त किल्लीत असतो आणि ती किल्ली बारा किंवा चोवीस शब्दांच्या रूपाने कागदाच्या चिठोऱ्यावर, किंबहुना मनुष्याच्या डोक्यातही ठेवता येते. अशा मालमत्तेची झडती कोणता फौजदार कशी घेणार? येथवर बंदीविरोधकांचे म्हणणे खरे आहे. परंतु कूटचलनाने वाण्याचे बिल भागत नाही, घरभाडे भागत नाही, मुलाची फी भरता येत नाही. कधी ना कधी त्याचे रुपये करावे लागतात, आणि ते ज्या दारातून होतात ते दार कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी कायद्याखाली असते. म्हणजे शासनाला वस्तूपर्यंत पोहोचता येत नसले तरी दारापर्यंत पोहोचता येते. प्रश्न आहे तो दारावर पहारा बसवावा की ते विटांनी बुजवून टाकावे, हा.

ज्यांनी दार बुजवले त्यांचा अनुभव समोर आहे. चीनइतके घट्ट शासन आणि तितकी व्यापक पाळत जगात फारच थोड्या ठिकाणी असेल. तेथे २०१३ साली बँकांना मनाई झाली, २०१७ साली एक्स्चेंज बंद करण्यात आली, २०२१ च्या मे महिन्यात कूटचलन निर्माण करणाऱ्या यंत्रांवर गदा आली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सारेच व्यवहार बेकायदा ठरले. केंब्रिज विद्यापीठाच्या मोजणीप्रमाणे बिटकॉइनच्या निर्मितीतील चीनचा वाटा त्या उन्हाळ्यात शून्यावर गेला. जानेवारी २०२२ पर्यंत तो पुन्हा पाचव्या हिश्शाच्या घरात आला होता. नायजेरियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकखाती बंद करण्याचा हुकूम सोडला. तरुण मंडळी आपापसांत व्यवहार करू लागली आणि डिसेंबर २०२३ मध्ये मध्यवर्ती बँकेनेच हुकूम मागे घेतला.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. सोन्याच्या बाबतीत भारताने हा प्रयोग सत्तावीस वर्षे केलेला आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई झाली. परकीय चलनाची टंचाई हे त्यामागील कारण खोटे नव्हते आणि मोरारजींचा हेतूही अशुद्ध नव्हता. तथापि सोन्याची हाव कमी झाली नाही. पेठेपेठेतल्या सुवर्णकाराची भट्टी मात्र विझली. शुद्धतेची अट लवकरच सोडावी लागली, तरी १९६८ च्या कायद्याने नियंत्रण चालूच राहिले आणि त्या छत्राखाली पश्चिम किनाऱ्यावर तस्करांची जी साम्राज्ये उभी राहिली त्यांची किंमत मुंबई शहराने पुढे दीर्घकाळ मोजली. १९९० साली कायदा रद्द झाला. तस्करी सोन्यामुळे जन्मली नव्हती. जे दार कायद्याने बुजवले होते त्याच्या शेजारी तिने आपले दार फोडले होते, एवढेच.

मटक्याची गोष्टही फारशी वेगळी नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लावलेल्या पैजांतून उगवलेला हा जुगार १८८७ च्या कायद्याला न जुमानता गिरणगावात पिढ्यान् पिढ्या नांदला, आणि हप्त्याच्या रूपाने बंदीने त्याला एक भागीदार तेवढा मिळवून दिला. (सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली तेव्हा आकड्याचा नाद वाईट की तो दुसऱ्याने लावणे वाईट, असा प्रश्न गिरणी कामगाराला पडला असल्यास तो गैर म्हणता येणार नाही.)

आज कूटचलनाच्या बाबतीत सरकारने जी भूमिका घेतली आहे ती या हप्त्याच्या नीतीपासून कितीशी दूर आहे? एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का कपात लागू झाली. एका नाण्यात लाख रुपये मिळवून दुसऱ्यात लाखच गमावणाऱ्या तरुणाच्या पदरात काही उरत नाही. तरीही पहिल्या लाखावर तीस हजारांचा कर त्याने भरावयाचाच, कारण तोटा वजा करण्याची सवलत नाही. कर जबर असावा, याला समाजवाद्यांची हरकत असण्याचे कारण नाही. सट्ट्याच्या कमाईवर तो असावाच. परंतु जे शासन कर घेते त्याने ठेवीचे रक्षणही केले पाहिजे. ते करावयाचे नाही. का, तर तसे केल्याने या व्यवहाराला मान्यता मिळेल! कर घेताना मात्र ही भीती आडवी आली नाही.

रक्षणाचा अभाव म्हणजे काय, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. मुंबईतील वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे तेवीस कोटी डॉलर किमतीचे कूटचलन चोरीला गेले. ग्राहक बहुतांशी भारतीय, कर घेणारे सरकार भारतीय. पण मूळ कंपनी सिंगापूरची, म्हणून देणी भागवण्याची योजना सिंगापूरच्या न्यायालयापुढे गेली, आणि ग्राहकांची कूटचलनातील शिल्लक वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. नागपूरच्या वा कोल्हापूरच्या पगारदार माणसाने आपल्या बुडत्या पुंजीसाठी सिंगापूरचा कायदा वाचत बसावे, ही कसली सार्वभौमता?

दुसरे उदाहरण पुण्याचे. दरमहा दहा टक्क्यांचे आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेविरुद्ध तेथील पोलिसांनी २०१८ साली तपास हाती घेतला. कूटचलनाची गुंतागुंत खात्याला उमगेना म्हणून बाहेरचे तज्ज्ञ मदतीस घेतले. मार्च २०२२ मध्ये त्याच पोलिसांनी आपल्या या मदतनिसांपैकी दोघांना अटक केली. जप्तीच्या मालातील कूटचलन परस्पर आपल्याकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि दोघांपैकी एक तर पूर्वाश्रमीचा पोलीस अधिकारी होता. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण ज्या यंत्रणेला मुद्देमाल ओळखण्यासाठीही भाडोत्री डोळे लागतात तिच्या हाती देशव्यापी बंदीचा दंडुका देऊन काय साधेल, याचा विचार बंदीवाद्यांनी करावयास हवा.

त्यांनी आणखीही एक विचार केला पाहिजे. सुभाषचंद्र गर्ग समितीच्या २०१९ च्या मसुद्यात कूटचलन नुसते बाळगणाऱ्यालाही दहा वर्षांपर्यंत कारावास सुचवला होता. अशी बंदी अंमलात आणावयाची तर प्रत्येकाचा भ्रमणध्वनी हेच झडतीचे ठिकाण होते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने झडतीच्या वेळी नागरिकाच्या ‘आभासी डिजिटल अवकाशा’चे सांकेतिक कुलूप मोडण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिलेलाच आहे. १९७५ च्या जूनची आठवण ज्या चळवळीच्या हाडात मुरलेली आहे तिने तरी, हेतू चांगला आहे म्हणून शासनाच्या हाती आणखी एक किल्ली देण्यास संमती देऊ नये. कूटचलनाचे बडे धनको अशा कायद्याने सापडणारही नाहीत. ते दुबईला वा सिंगापूरला बिऱ्हाड हलवतील. सापडेल तो पाच हजार रुपयांचे तुकडे घेऊन बसलेला बेकार पदवीधर.

याचा अर्थ कूटचलनाच्या पुरस्कर्त्यांचे तत्त्वज्ञान स्वीकारावे असा मुळीच नाही. चलन राज्याच्या हातून काढून घेतले की मनुष्य मुक्त होतो, हा त्यांचा दावा. भारतात त्या दाव्याला जे थोडेबहुत श्रोते मिळाले त्याचे श्रेय सरकारकडेही जाते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातील शेकडा शहाऐंशी मूल्याच्या नोटा एका भाषणाने रद्द झाल्या, माणसे रांगांत उभी राहिली आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालाप्रमाणे त्यातील ९९.३ टक्के नोटा परत आल्या. राज्याने चलनाशी असा खेळ केला की लोकांचा विश्वास डळमळणारच. परंतु राज्याच्या मनमानीवर उपाय म्हणून चलन सट्टेबाजांच्या मर्जीवर सोपवणे, हा धन्याला कंटाळून सावकाराच्या दारी जाण्याचा प्रकार होय. दुष्काळात पतपुरवठा वाढवावा, मंदीत रोजगार काढावा, शेतकऱ्याला कमी व्याजाने कर्ज द्यावे, ही कामे दोन कोटी दहा लाख नाण्यांची मर्यादा ठोकून बसलेले चलन करू शकत नाही. या कामांसाठी कोणाला तरी जाब विचारता यावा लागतो. रिझर्व्ह बँकेला संसदेत जाब विचारता येतो. संगणकाच्या सूत्राला तो कोण विचारणार?

तेव्हा पहारा दारावरच हवा, आणि तो खरा हवा. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणले गेले. त्याच आधारे परदेशी एक्स्चेंजांना नोटिसा निघाल्या, जानेवारी २०२४ मध्ये त्यांची संकेतस्थळे रोखली गेली, आणि बायनान्ससारख्या जगातील सर्वांत मोठ्या एक्स्चेंजला १८ कोटी ८२ लाखांचा दंड होऊन येथे नोंदणी करावी लागली. सरसकट बंदीने जे कोठेच साधले नव्हते ते या मर्यादित उपायाने काही अंशी साधले. मात्र हा कायदा सरकारला गुन्हेगार शोधून देतो. ग्राहकाला त्याचे पैसे परत देत नाही. ग्राहकाची ठेव कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याची सक्ती, येथे धंदा करणाऱ्याचे उत्तरदायित्व येथल्याच न्यायालयापुढे, सिनेनट-क्रिकेटपटूंच्या जाहिरातींना मनाई आणि जिल्हा पोलिसांच्या पदरी स्वतःची प्रशिक्षित माणसे, एवढे तरी कायद्याने झाले पाहिजे. सरकारी विधेयकाचे नाव २०२१ सालच्या दोन अधिवेशनांत कामकाजपत्रिकेवर झळकले आणि मांडले न जाताच विरले. ऑनलाइन जुगाराविरुद्धचा कायदा मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडला. संसदेला वेळ मिळत नाही, ही सबब त्यानंतर तरी सरकारला पुढे करता येणार नाही.